साइटवरचं पोर्टा केबिन ऑफिस: वीज, पाणी, संडास आणि कागदपत्रं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅम्पल फ्लॅटच्या सजावटीवर लाखो रुपये जातात. त्याच प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या ज्या खोलीतून अख्खा प्रकल्प चालतो, तिची वीज मात्र शेजाऱ्याच्या खिडकीतून आलेली असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तात्पुरतं आहे हो!" हे तात्पुरतं ऑफिस तीन-तीन वर्षं चालतं आणि त्यातली प्रत्येक गैरसोय याच शब्दाच्या आडोशाला वाढते. साइटवर काम करताना मला आणि माझ्यासारख्यांना पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत.

केबिन आमच्याच प्लॉटवर आहे, पायाही नाही. तरी परवानगी लागते?

लागते. खाली चाकं आहेत किंवा ते नुसतं ठोकळ्यांवर ठेवलं आहे, म्हणून ते बांधकाम नाही असं होत नाही. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तात्पुरत्या बांधकामांची वेगळी तरतूद आहे. मुख्य इमारतीचं काम चालू असेपर्यंत त्याच प्लॉटवर साइट ऑफिस, वॉचमनची चौकी आणि सामानाचं गोदाम ठेवण्याची परवानगी तिच्याखाली मिळते. इमारत पूर्ण झाल्यावर मात्र त्यातलं काहीही ठेवता येत नाही.

हे काम सोपं आहे. बांधकाम परवानगीचा अर्ज करतानाच आर्किटेक्टला लेआउटवर केबिन, चौकी, संडास आणि गोदाम दाखवायला सांगा. नंतर वेगळा अर्ज करायचा म्हटलं की तो कोणी करत नाही, आणि मग एखाद्या शेजाऱ्याने तक्रार केली की पळापळ सुरू होते. केबिन फुटपाथवर किंवा रस्त्याच्या कडेला ठेवायचं असेल तर ते प्रकरण निराळं. ती जागा महापालिकेची. तिची परवानगी आणि भाडं दोन्ही वेगळं.

मग प्लॉटवर नेमकं कुठे ठेवायचं?

गेटजवळ ठेवा, पण गेटच्या तोंडावर नको. उंच इमारतीत अग्निशमनाच्या गाडीसाठी सहा मीटरची वाट मोकळी सोडावी लागते. नकाशावर ती मोकळी दिसते म्हणून केबिन बरोबर तिथेच जाऊन बसतं. खोदाईच्या कडेपासून लांब राहा. टॉवर क्रेनचा हात जिथून फिरतो त्याखाली नको आणि विजेच्या तारांखाली तर अजिबात नको. केबिन ठेवायला हायड्रा (लहान चालती क्रेन) येते तेव्हा तिचा बूम वर जातो आणि ११ हजार व्होल्टची तार ड्रायव्हरच्या मागे असते, हे लक्षात ठेवा.

आणखी एक. ज्या कोपऱ्यात पाणी साचतं तो कोपरा उन्हाळ्यात ओळखू येत नाही. जागा मे महिन्यात ठरवत असाल तर गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे शेजारच्या टपरीवाल्याला विचारून घ्या. लेव्हल मशीनपेक्षा त्याचं उत्तर भरवशाचं असतं.

महावितरणचं मीटर येईपर्यंत शेजारच्या बंगल्यातून वायर घेतली तर काय बिघडतं?

बंगल्याचं मीटर घरगुती वापरासाठी दिलेलं असतं. त्यावर बांधकाम साइट चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरले जातात. नोटीस बंगलेवाल्या काकांच्या नावावर येते. पुढची तीन वर्षं तुम्हाला त्यांच्याच शेजारी काम करायचं आहे, हेही लक्षात घ्या.

खांबावर आकडा टाकला तर ती सरळ वीजचोरी. कलम १३५, फौजदारी.

तात्पुरता वीजजोड घेताना काय अडतं?

बहुतेकदा अडते ती विजेच्या भाराची मागणी. अर्ज ऑनलाइन होतो. जागेची मालकी किंवा मालकाची संमती, बांधकाम परवानगी, ओळखपत्र आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, एवढं तयार ठेवलं की गाडी पुढे सरकते. पण अर्जात भार किती लिहायचा? लोक 'ऑफिसला किती लागणार' म्हणत २ किलोवॅट लिहून मोकळे होतात. मग त्याच मीटरवर पाण्याचा पंप, बार कापायचं मशीन, व्हायब्रेटर आणि वेल्डिंग चढतं.

नुसत्या ऑफिसचाच हिशेब करून पाहा. दीड टनाचा एसी सुमारे १.७ किलोवॅट, चहाची किटली दीड, चार कॉम्प्युटर मिळून ०.६, एक अश्वशक्तीचा पंप ०.७५, आणि वर दिवे, पंखे, प्रिंटर, सीसीटीव्ही. पाच किलोवॅट सहज होतात. मुंबईत धुळीवर नियंत्रणासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या सूचनांनंतर पाणी फवारणं, गाड्यांची चाकं धुणं आणि हवेतली धूळ मोजणं आलं. ही यंत्रंही बहुतेक साइटवर केबिनच्याच बोर्डातून चालतात. यंत्रांचा भार वेगळा काढा, त्यांच्यासाठी तीन फेज घ्या आणि ऑफिसला स्वतंत्र डीबी (वितरण बोर्ड) ठेवा.

एसी चालू केला की कॉम्प्युटर बंद पडतात. युपीएस बदलला, तरी तेच.

दोष युपीएसचा नाही, वायरचा आहे. मीटर गेटवर असतं आणि केबिन ६० मीटर आत. मध्ये वायरमनने हाताशी होती ती अडीच चौरस मिलिमीटरची केबल टाकलेली असते. तिच्यातून २० अँपिअर ओढले तर जवळजवळ २२ व्होल्ट वाटेतच जातात. गावाकडच्या लाइनला मुळात २०० व्होल्ट येत असतील, तर केबिनमध्ये १८० च्याही खाली उरतात. त्यावर कॉम्प्रेसर नुसता हुंकार देतो, सुरू काही होत नाही.

६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका. ही घट नऊ-दहा व्होल्टवर येईल. केबल महाग वाटली तर जळलेल्या एसीच्या दुरुस्तीचं बिल शेजारी ठेवून बघा.

उलटही होतं. तीन फेजच्या बोर्डात न्यूट्रल ढिला झाला, तर एका फेजवर व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्यावर चढतं. ते चारशेच्या जवळही जाऊ शकतं. एकदम दोन-तीन उपकरणं जळाली की लोक 'लाइट जास्त आली' म्हणून महावितरणला शिव्या घालतात. आधी आपल्या बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू बघा. दोष लाइनचाच निघाला, तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा.

केबिनच्या दाराला हात लागला की मुंग्या येतात. हे धोक्याचं आहे का?

हो. आत्ताच मेन बंद करा आणि मग पुढचं वाचा.

केबिन म्हणजे लोखंडी पेटी. आतल्या एका वायरचं आवरण फाटलं की भिंत, दार, पायरी, खिडकीची जाळी असं सगळं जिवंत होतं. कोरड्या चपलेत मुंग्या येतात. पावसात, ओल्या पायांनी, तोच करंट जीव घेतो. टेस्टरचा दिवा मंद लागतो म्हणून 'रिटर्न येतोय, काही नाही' असं सांगणारा वायरमन प्रत्येक साइटवर भेटतो. त्याचं ऐकू नका.

कारणं ठरलेली असतात. केबिन बनवणारा भोक पाडून वायर आत घेतो, पण भोकात रबरी कडं बसवत नाही. गाड्या जातात, केबिन थरथरतं आणि पत्र्याची धार वर्षभरात आवरण कापते. किंवा कोणीतरी फळा टांगायला स्क्रू मारतो आणि तो पॅनेलमागच्या वायरीतून आरपार जातो. तिसरं कारण थोडं फसवं आहे. कॉम्प्युटरला अर्थिंग (जमिनीशी जोडणी) मिळालेलं नसेल, तर त्याच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे खोक्यावर अर्ध्या मेनइतकं व्होल्टेज तरंगत राहतं. त्यातला करंट अगदी कमी असतो, पण मुंग्या खऱ्याच असतात. कारण कोणतंही असो, अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

उपायही ठरलेले आहेत. केबिनच्या सांगाड्याला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर रंग खरवडून, बोल्ट लावून अर्थची पट्टी जोडा. रंगावर लावलेला बोल्ट म्हणजे न लावलेलाच. अडीच मीटरचा जीआय पाइप जमिनीत जायला हवा. पुण्या-नगरकडे दोन फुटांवर कातळ लागतो, मग वायरमन पाइप अर्धा कापून वर सिमेंटचा चौकोन करून देतो आणि बाहेरून सगळं झकास दिसतं. खड्डा आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्या. कातळ असेल तर बोअर मारा, किंवा ओल धरणारी माती शोधून पाइप तिथे घाला आणि पट्टी लांब न्या. अर्थ टेस्टरने अर्थिंगच्या रोधाचा आकडा काढून वहीत लिहा आणि एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना, पुन्हा काढा. त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवीच. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. ते दाबून ती पडली नाही तर ती शोभेची वस्तू समजा.

एका साइटवर मुंग्या येतात म्हणून दारापुढे लाकडी फळी टाकली होती. आठ महिने सगळे गुमान त्या फळीवरून आत-बाहेर करत होते, मीही. कोणाला काही झालं नाही, हे नशीब. त्यात आमची हुशारी काही नव्हती.

पहिल्या पावसापासून आरसीसीबी सारखी पडते. बायपास करू का?

नाही. ती तिचं काम करते आहे. ओलावा कुठून आत शिरतोय ते शोधणं तुमचं काम आहे. एकाच आरसीसीबीवर ऑफिस, पंप, बाहेरचे हॅलोजन आणि वेल्डिंगचं सॉकेट असेल तर शोध लागणारच नाही. सर्किट वेगळी करा आणि प्रत्येकाला स्वतःची आरसीसीबी द्या. मग कोणती पडते ते कळतं. दहात आठ वेळा चोर बाहेर सापडतो: हॅलोजनची जोडपेटी, पंपाजवळ टेपने बांधलेला सांधा, किंवा चिखलात पडलेलं एक्स्टेंशन. उरलेल्या दोन वेळा कुठल्या तरी बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात. हा उद्योग अर्थची वायर नेण्याचा कंटाळा करणाऱ्यांचा.

जनरेटरसाठी काय बघायचं?

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना धुराचे नवे, कडक निकष लागू आहेत. भाड्याने घेताना प्रमाणपत्राची प्रत मागा. आवरणासह येणाऱ्या जनरेटरच्या आवाजाची मर्यादा एक मीटरवर ७५ डेसिबल आहे. दार उघडं ठेवून चालवला की ही मर्यादा गेली आणि शेजारी आले. डिझेल एकूण २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, फक्त एकही भांडं १,००० लिटरहून मोठं नको. धुराचं तोंड केबिनच्या खिडकीकडे नको, हे सांगावं लागू नये, पण लागतं. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. मेन आणि जनरेटर यांच्यात बदलाचा स्विच पक्का हवा, कारण जनरेटरची वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावर चढलेला लाइनमन जातो.

टँकरचं पाणी ऑफिसात प्यायला चालतं का?

आधी टँकर कुठला ते बघा. पुण्यात बांधकामासाठी सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरायला लावतात, आणि ते योग्यच आहे. क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) पिण्याचं पाणी घालवायचं तरी कशासाठी? पण घोळ होतो तो टाकीवर. टँकरवाला रात्री येतो, वॉचमन झोपेत 'हां, तिकडं' म्हणून हात करतो आणि प्रक्रिया केलेलं पाणी हात धुवायच्या टाकीत उतरतं.

दोन टाक्या, दोन रंग आणि जोडणीच्या पाइपची दोन वेगळी मापं ठेवा, म्हणजे चुकीचा पाइप लागणारच नाही. नुसत्या पाटीवर विसंबू नका. अंधारात पाटी वाचायला कोणी जात नाही. पिण्याच्या टाकीत क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम राहायला हवं. ते बघायचं साधं किट स्वस्तात मिळतं. पिण्याच्या पाण्याची जागा संडास, मुतारी आणि धुण्याच्या जागेपासून सहा मीटर लांब हवी, आणि 'पिण्याचे पाणी' ही पाटी कामगारांना वाचता येईल अशा भाषेत. साइटवर बहुतेक मंडळी बिहार, बंगाल, ओडिशाची असतील तर नुसती मराठी पाटी पुरत नाही.

संडासाची टाकी दर तीन दिवसांनी भरते. काय करू?

टाकी लहान घेतली आहे. पंधरा माणसं, प्रत्येकी दिवसातून तीनदा, दर वेळी आठ-नऊ लिटर पाणी, म्हणजे दिवसाला चारशे लिटर. हजार लिटरची सिंटेक्स टाकी अडीच दिवसांत भरणारच. ड्रेनेज लाइन जवळ असेल तर महापालिकेकडून तात्पुरती जोडणी घ्या. नसेल तर शोषखड्ड्यासह सेप्टिक टाकी बांधा, किंवा उपसा करणाऱ्या गाडीचा आठवड्याचा वार बांधून घ्या. टाकी भरल्यावर फोन करणं ही पद्धत नव्हे. आणि ती गाडी मैला कुठे ओतते त्याची पावती मागा. मागच्या ओढ्यात ओतत असेल, तर त्या ओढ्यात तुमच्या साइटचं नाव वाहतं आहे.

आता महत्त्वाचं. टाकी तुंबली म्हणून कोणालाही आत उतरवायचं नाही. मुकादम म्हणेल, "साहेब, पाचशे द्या, आपला माणूस उतरतो." नाही म्हणजे नाही. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकी किंवा गटार माणसाकडून धोकादायक रीतीने साफ करून घेणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा कामात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवून दिली. पण आकडे राहू द्या. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याने आधी नाक बधिर होतं, म्हणजे वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं आता ठीक आहे. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मैल्याच्या टाकीवरच्या बातम्यांमध्ये मृतांचा आकडा एकावर क्वचित थांबतो, तो यामुळे.

बायकांसाठी संडास वेगळा हवा, आतून कडी लागणारा, दिवा असलेला, आणि केबिनपासून दूर निर्मनुष्य कोपऱ्यात नसलेला. साइटवर इंजिनिअर मुली आता सर्रास असतात. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या दोघी-तिघी मी पाहिल्या आहेत, आणि त्यामागचं कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

महापालिकेची डासांबद्दल नोटीस आली आहे.

येणारच. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. स्लॅबवरचं क्युरिंगचं पाणी, लिफ्टचा खड्डा, रंगाचे डबे, केबिनच्या छतावर टाकलेले टायर आणि एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली, सगळं त्याच्या सोयीचं. आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करा आणि त्याची नोंद ठेवा. निरीक्षक आले की त्यांना आधी एसीखालची बादली दिसते, हा अनुभव.

उन्हाळ्यात आत बसवत नाही. दुसरा एसी लावू?

आधी सावली करा. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्यावर तव्यासारखा चटका बसतो. छतावर पांढरा रंग द्या आणि त्याच्या वर फूट-दीड फूट अंतर ठेवून हिरवी शेडनेट किंवा दुसरा पत्रा टाका. मधली हवा खेळती राहिली पाहिजे, नेट छतावर पसरून उपयोग नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताट्या लावा. एवढं केल्यावर २० बाय १० फुटांच्या केबिनला दीड टन पुरतो. न करता लावाल तर दोन टनही रडतो.

पाऊस आणि वादळासाठी काय तयारी करायची?

केबिन जमिनीपासून दीड फूट वर, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, पाणसळीत. चार विटांवर ठेवलं तर पहिल्या पावसात एक कोपरा खचतो, सांगाडा पिळतो आणि दार लागेनासं होतं. लोक सुताराला बोलावून दार तासतात! जॅक लावून कोपरा उचला, दार आपोआप लागेल. खालची पोकळी जाळीने बंद करा. तिथे आधी कुत्री येतात, मग उंदीर, आणि उंदरांमागे सर्पमित्रांचा फोन नंबर शोधायची वेळ.

छताचे सांधे मे महिन्यातच सीलंटने भरा. ताडपत्री टाकायचीच असेल तर ताणून बांधा. तिच्यावर पाण्याचा फुगा झाला की त्या वजनाने पत्रा वाकतो.

केबिन वाऱ्याने उडतं का? रिकामं असेल तर नक्की हलतं. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी जवळपास १६०. पुण्यासाठी ३९ मीटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा रायगडात काय झालं ते तिथल्या लोकांना विचारा. कोकणात चारही कोपरे साखळीने किंवा टर्नबकलने काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधा. दोन मजली रचलेली केबिनं एकमेकांना बोल्टने जोडा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मुकादमाच्याही फोनवर असू द्या.

आगीची भीती खरंच असते का? लोखंडच तर आहे.

लोखंड बाहेर असतं. आत पफ (फोम भरलेलं) पॅनेल, प्लायवूड, पीव्हीसीची फरशी आणि कागद. पफ जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतो, माणूस ज्वाळेपेक्षा आधी धुराने पडतो. नवीन केबिन घेत असाल तर पफऐवजी रॉकवूल (दगडी लोकर) भरलेलं मागा. दार बाहेर उघडणारं हवं. मोठ्या केबिनला दुसरं दार, निदान माणूस निघेल एवढी गज नसलेली खिडकी हवी. सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ ठेवा. आतल्या कोपऱ्यात ठेवला तर आग ओलांडून जावं लागतं. चहाचा गॅस केबिनमध्ये नको. रात्री वॉचमन ड्रिलच्या बॅटऱ्या, टॉर्च आणि चार फोन एकाच पट्टीवर लावून झोपतो, ते बंद करा आणि चार्जिंगला बाहेर जागा द्या.

केबिनमध्ये मोबाइलला रेंजच नाही.

पत्र्याच्या पेटीत लहरी शिरत नाहीत. राउटर आत आणि अँटेना छतावर, एवढंच.

तपासणीला आले तर कोणते कागद समोर हवेत?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा त्यांत सामावला. जुन्या फायली घेऊन बसलेल्यांनी आपल्या सल्लागाराकडून कोणते नमुने बदलले ते एकदा तपासून घ्यावं. मुख्य मुद्दे असे. दहा किंवा अधिक कामगार असतील तर साठ दिवसांत नोंदणी. उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का. पन्नासहून अधिक कामगार असतील तर पाळणाघर, शंभर झाले की कॅन्टीन, अडीचशेला सुरक्षा अधिकारी.

केबिनमध्ये एकच फाइल ठेवा: नोंदणी, उपकराच्या पावत्या, ठेकेदारांचे परवाने, हजेरी आणि पगार, विम्याची प्रत, वीज चाचणी अहवाल, क्रेन आणि हायड्राची तपासणी, अपघातांची नोंदवही. मूळ कागद मुख्य कार्यालयात, इथे प्रती. गळक्या केबिनमध्ये मूळ बांधकाम परवानगी ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. प्रकल्प महारेरात असेल तर नोंदणी क्रमांक दर्शनी फलकावर असू द्या; जाहिरातीत क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे आणि साइटवरचे होर्डिंगही जाहिरातच.

आमची सहा-सात माणसं. आम्हाला हे लागू नाही ना?

सहा-सात तुमच्या पगारावर. सेंटरिंगवाल्याची बारा, प्लंबरची चार, टाइल्सवाल्याची पाच कोणाची? ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात. तपासणीला आलेला अधिकारी पगारपत्रक बघायच्या आधी चपला मोजतो.

लैंगिक छळविरोधी समितीचा फलक साइटवर पण लावायचा?

हो. २०१३ च्या कायद्यातल्या 'कामाच्या ठिकाणा'त साइटही येते. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन लावा. पुण्याच्या ऑफिसातल्या फलकाची फोटोकॉपी आणून लावली आणि त्यावरच्या तीनपैकी दोन बाई नोकरी सोडून गेलेल्या, असं नको.

कामगार नव्वद दिवसांचा दाखला मागतात. द्यायचा का?

काम केलं असेल तर द्यायचाच. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते आणि मुलांच्या शिक्षणापासून उपचारापर्यंतच्या योजना त्यावर मिळतात. पैसा कुठून येतो? तुम्ही भरलेल्या त्याच एक टक्का उपकरातून. तो भरायचा आणि दाखल्यावर सही करायला मात्र 'उद्या ये' म्हणायचं, हे मला कधी समजलं नाही. हजेरी नीट असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. न केलेल्या कामाचा दाखला मात्र कोणाच्याही चिठ्ठीवर देऊ नका.

केबिन एका साइटवरून दुसरीकडे न्यायचं आहे.

स्वतःच्या मालकीचं असलं तरी गाडीसोबत डिलिव्हरी चलन हवं, आणि राज्यातल्या राज्यात किंमत एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिलही. उचलायच्या आधी आतलं कपाट, एसी आणि पाण्याची टाकी रिकामी करा. साखळी वरच्या चार हुकांना लावा. हुक गंजले असतील तर खालून पट्टे घ्या. नव्या जागी वीज जोडण्याआधी अर्थिंग नव्याने तपासायचं. जुन्या साइटचा आकडा इथे चालत नाही.

काम संपलं. आता केबिन कधी काढायचं?

भोगवटा प्रमाणपत्राच्या तपासणीआधी. तिथेच अडकतं, कारण केबिन बहुतेकदा पार्किंगच्या किंवा बागेच्या जागेवर असतं आणि नकाशाप्रमाणे ती जागा मोकळी हवी. क्रम असा ठेवा: आधी सेप्टिक टाकी गाडीने उपसून, चुना टाकून, मुरमाने भरा. नुसतं झाकण टाकून गेलेल्या टाकीवर पुढे सोसायटीची मुलं खेळतात. मग पाणी तोडा, केबिन हलवा आणि वीज शेवटी, कारण उपशाच्या पंपाला आणि रात्रीच्या दिव्याला तीच लागते. तात्पुरता जोड बंद करण्याचा अर्ज लेखी द्या, मीटरवरचा शेवटचा आकडा फोटोत घ्या आणि अंतिम बिल भरून अनामत परत मागा. अर्ज न देता नुसता फ्यूज काढून गेलात तर बिल येत राहतं, आणि सहा महिन्यांनी ते शोधायला जो जातो तो त्या साइटवर कधी नसतोच.